मामाजींचा ऑस्ट्रेलिया

माझं लग्न ऑस्ट्रेलियाच्या राजधानीवरून मोडता मोडता राहिलं. मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं अधूनमधून वाटतं, पण ते असो.

मुलगा अकोल्याचा. मला बघायला अमरावतीला आला तो मामांना घेऊन. मामाजी शाळेत भूगोल शिकवायचे आणि मुली बघायला जाताना शाळेचा नकाशा बगलेत मारून न्यायचे. बाकीच्या नकाशांना वाळवी लागली होती, उरला होता एकटा ऑस्ट्रेलिया. (आमचं वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, हुकूम इंग्रजांचा आणि कचेरी नागपूरची. त्याच्याबद्दल न विचारलेलंच बरं.)

मला आधी नकार आले होते ते ‘मुलगी फार बोलते’ म्हणून. आईनं बजावलं, “विचारलं तेवढंच सांग. हे जुळलं नाही तर तुह्या बहिणीचंही अडते.”

बैठकीत खिळा नव्हता. मामाजींनी नकाशा मुलाच्याच हातात दिला. “धर रे, वर धर.” म्हणजे ज्याला मी बघायचं, तोच ऑस्ट्रेलियाच्या मागे गेला. खाली धोतर, वर दोन डोळे. डोळे मात्र चांगले होते. तिथंच माझी फसगत झाली.

“मधोमध काय आहे?” मामाजींनी संत्र्याची फोड तोंडात टाकत विचारलं.

“वाळवंट.”

“मंग लोक कुठं राहतात?”

“काठाकाठानं. मेंढ्या पाळतात, लोकर विकतात.”

“शाबास. राजधानी?”

“कॅनबेरा.”

नकाशावरचे डोळे हसले. मी मनातल्या मनात माळ घालून मोकळी झाले.

“मेलबर्न,” मामाजी म्हणाले.

“पहिले होती जी. आता नवं शहर बसवलं त्यांनी. बाबांनीच पेपरातून वाचून दाखवलं.”

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा फौजदारी वकील. खुन्यालाही भर कोर्टात गरीब गाय ठरवायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मले काही आठवत नाही,” ते म्हणाले. साक्षीदारांना पढवायचे तेच हे वाक्य.

“दाखव मंग नकाशात,” मामाजी म्हणाले.

मी उठले. नकाशा जुना, कॅनबेराच्या जागी नुसता शाईचा डाग. मी त्यावर बोट ठेवलं.

“तो माह्या दौतीचा डाग आहे. मास्तर मी आहो का तू?”

मुलगा हातभर अंतरावर होता. मी हळूच विचारलं, “तुमाले तं माहीत आहे ना?” दोन्ही डोळे ऑस्ट्रेलियाच्या मागे बुडाले.

मामाजी नकाशा गुंडाळायला लागले. दाराआडून आई खाकरली.

“मेलबर्न,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”

“चूक कबूल करते, म्हणजे वळण चांगलं आहे,” मामाजी म्हणाले, आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर अकोल्याला जाताना बडनेऱ्याला गाडी बदलली. डब्यात बसल्यावर हे कानाशी येऊन म्हणाले, “कॅनबेराच बरोबर होतं. मले माहीत होतं.”

“मंग बोलले काहून नाही?”

“मामाजींसमोर? आपल्या घरात तशी पद्धत नाही.”

मला रडूच कोसळलं. माहेर सुटलं म्हणून रडते, असं समजून शेजारच्या बाईनं पाणी दिलं. तिला काय सांगणार? पुढं त्या घरात भाजीच्या मिठापासून पोरांच्या शाळेपर्यंत ज्याला ज्याला मेलबर्न म्हटलं गेलं, त्याला मीही मेलबर्नच म्हणत आले. चीड यायची, ती पोळपाटावर काढायची.

परवा आमच्या पोरीला बघायला माणसं आली. पोरगी मॅट्रिक झालेली आणि तोंडानं थेट माझ्यावर गेलेली. मी मनाशी पक्कं केलं होतं, हिला खरं तेच बोलायला सांगायचं, मोडलं तर मोडू दे. दाराच्या फटीतून पाहिलं, तर पाहुण्यांत एक मामा होतेच. मी तिला आत ओढलं, पदर सारखा केला आणि म्हटलं, “राजधानी विचारली तर घाई करू नको, माय. आधी त्यांचा नकाशा किती जुना आहे ते पाहून घे.”