भित्र्या विजूचे प्रश्न

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या टेबलावर तापाने फणफणलेलं एक बाळ होतं. शेवगावातल्या माझ्या दवाखान्यात सोमवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते, आणि अशा वेळी मी फोन घेत नाही. पण पडद्यावर भाऊसाहेबांचं नाव होतं. विजूचे यजमान मला कधी फोन करत नसत. काही सांगायचं असलं तर तिच्याकडूनच सांगत. मी बाळाच्या छातीवरचा स्टेथोस्कोप तसाच धरून फोन कानाला लावला. "डॉक्टर, विजया गेली," ते म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, "कशानं?" लोक अशा वेळी 'कधी?' विचारतात, 'अरे देवा' म्हणतात... मी 'कशानं' विचारलं. भाऊसाहेबांना त्यातलं सगळं कळलं. ते म्हणाले, "न्हाई, तसलं काही न्हाई. पहाटं चहा ठिवला आन् ओट्यापाशीच बसली. हार्टचंच हुतं, म्हनले." कितीतरी वर्षं मी या फोनची वाट पाहत होते. माझ्या मनातल्या फोनवर रस्ता असे, मागून येणारा टेम्पो असे, कुणी न पाहिलेला अपघात असे. खरा फोन इतका साधा निघाला, तरी त्या बाळाची छाती मला पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागली.

विजया विधान परिषदेची आमदार होती. सहा वर्षांची एक मुदत, एवढीच. तिच्या शोकसभेत सगळे तिला 'रणरागिणी' म्हणाले, 'कुणाच्या बापाला न घाबरणारी' म्हणाले. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मला नगरचं आमचं वसतिगृह आठवत होतं. तिथे आम्ही एका खोलीत राहायचो. मी डॉक्टर व्हायच्या तयारीत, ती राज्यशास्त्र घेऊन. ही मुलगी दाराची कडी लावायची, अंथरुणात शिरायची, पुन्हा उठून कडी बघायची. परीक्षेच्या सकाळी तिला उलट्या व्हायच्या. पाल दिसली तर खोलीबाहेर उभी राहून मला हाका मारायची. मोठी झाल्यावरही ती तशीच राहिली. सभागृहात पहिल्यांदा बोलायला उठण्याआधी तिने बाथरूममधून मला फोन केला होता. "कुंदा, पाय लटपटतायत गं. नाही उठले तर चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल." ती म्हणाली, "नाही चालणार." आणि फोन ठेवला.

पेंडीचं प्रकरण सुरू झालं ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. भाऊसाहेबांना एक गाय घ्यायची होती, म्हणून तीही बरोबर गेली. तरण्याताठ्या, चांगल्या बांध्याच्या संकरित गायी त्या दिवशी मातीमोल भावाला उभ्या होत्या, आणि विकणारे नजर चुकवत होते. भाऊसाहेब खूश झाले. हिला मात्र ते खटकलं. एका बाईपाशी ती खाली बसली. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर बाई म्हणाली, "तुमाला म्हनून सांगते ताई, दोन डाव गाभडली ही. आमच्या वस्तीवरच्या लई गाया गाभडल्यात. पर बाजारात कोन सांगंल?" विजूने मग पुढच्या गायवाल्याला विचारलं, त्याच्या पुढच्याला विचारलं. कुठे गाभ पडलेला, कुठे दूध आटलेलं. आणि सगळ्यांच्या गोठ्यात एकाच कंपनीची गोळी पेंड.

ही कंपनी साधी पेंड विकणारी नव्हती. गावोगावी तिचीच दूध संकलन केंद्रं होती. जो त्यांची पेंड घेईल त्याचं दूध केंद्रावर विनातक्रार जायचं. जो घेणार नाही त्याच्या दुधाला नेमकी त्याच दिवशी फॅट लागायची नाही, आणि ते परत यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लहान पोरालाही ठाऊक होतं. विजूने पशुसंवर्धन खात्याकडे तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आलं, नमुने तपासले, पेंड उत्तम आहे. तिने एका ओळखीच्या गोठ्यातलं पोतं उचललं आणि पुण्याला स्वतः नेऊन प्रयोगशाळेत दिलं. त्या पेंडीत बुरशीचं विष निघालं, चालतं त्याच्या किती तरी पट जास्त. कंपनीचा मालक तिच्याच पक्षाला जवळचा. ही गोष्ट तिने मला सांगितली ती हसत, पण तिच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता.

ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दवाखाना रिकामा झाला होता. समोर बसून तिने विचारलं, "हे विष दुधात उतरतं का?"

"थोडं उतरतं," मी म्हटलं.

"उकळलं की जातं?"

"नाही."

"मग मुलं?"

मी तिला खरं तेच सांगितलं. आज पिऊन उद्या काही होत नाही. पण वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताला धोका. गायीची पेंड बदलली की आठवड्याभरात दूध स्वच्छ होतं, हेही सांगितलं. तिची नजर भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर गेली. मग म्हणाली, "मी हे सभागृहात बोलले तर आपल्या भागातलं दूध दुसऱ्या दिवशी कुणी घेणार नाही. या कोरड्या पट्ट्यात दुधावर तर चुली पेटतात, कुंदा. ऊसतोडीला जायचं टळतं ते या दोन गायींमुळे. आणि नाही बोलले, तर तू इथे आलेल्या आयांना काय सांगणार? बाळाला दूध पाजा म्हणून?" त्या दिवसापासून 'बाळाला वरचं दूध सुरू करू का, मॅडम?' असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या गोठ्यात कोणती पेंड आहे ते विचारायचे.

आधी तिने गुपचूप मार्ग धरला. वस्त्यांवर जाऊन बायकांना सांगितलं, ही पेंड थांबवा, सरकी घाला, मका भरडून घाला. काहींनी ऐकलं, त्यांचं दूध केंद्रावरून परत आलं. महिन्याभरात कुजबुज सुरू झाली की ताईंना दुसऱ्या कंपनीने हाताशी धरलंय. त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ आला. बरोबर मूल नाही, हातात पेढ्यांचा पुडा. फार अदबीने बोलला. "विजयाताई तुमच्या मैत्रीण ना? त्यांना बीपीचा त्रास हाय म्हनं. एकल्या हिंडत्यात वस्त्यांवर... जपा म्हनावं त्यांना." पुडा टेबलावर ठेवून तो गेला. मी तो कुणाला दिला नाही, टाकलाही नाही. दिवसभर त्याच्याकडे बघत पेशंट तपासले. संध्याकाळी विजूला फोनवर सांगितलं. "बीपीच्या गोळ्या मी नगरहून घेते," ती म्हणाली, "इथं कुणाला माहीतच नाही." मग, "कुंदा, आता विचारायलाच पाहिजे गं. आता नाही विचारलं तर पुन्हा कधीच नाही विचारता येणार."

आणि तिने सभागृहात विचारलं. सरकारचं लेखी उत्तर तेच होतं, नमुने उत्तम आहेत. त्यावर तिने उभं राहून एवढंच विचारलं की नमुने घेतले कुणी, आणि कुठून? मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं. आश्वासनं हवेत विरतात, हे तिला माहीत होतं. दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं ते बघणारी विधिमंडळाची समिती असते, त्या समितीच्या ती मागे लागली आणि समितीला पेंडीच्या कारखान्यावर घेऊन आली. गोदाम धुऊन पुसून लख्ख. पाहुण्यांसाठी शाली, नारळ. विजूने गोदामाकडे पाहिलंच नाही. तिने खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवलं. काय बोलणं झालं ते तिने परतीच्या वाटेवर गाडीतून फोन करून मला शब्दन् शब्द सांगितलं.

"नमुना तुम्ही स्वतः घेतला?"

"हो."

"कोणत्या पोत्यातून?"

"पोतं... म्हणजे, पिशवीतून."

"पिशवी कुठून आली?"

अधिकारी मालकाकडे बघायला लागले. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "तिकडे नका बघू, इकडे बघून सांगा." तेव्हा ते म्हणाले, "कंपनीच पाठवते, मॅडम. आमच्याकडे माणसं कमी आहेत." ज्याची तपासणी करायची तोच आपला नमुना निवडून देत होता. मोडलेल्या नियमाची ही गोष्ट इतकी साधी होती की विजूचा स्वतःचाच विश्वास बसेना. "मला वाटलं होतं, फार खोल काही असेल," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नव्हतं गं..." तिचा आवाज जिंकल्याचा नव्हता, धास्तावलेला होता. पुढे काय येणार ते तिला दिसत होतं.

दुधाबद्दल ती समितीपुढे जपून, तोलून बोलली होती. पण त्याच संध्याकाळी वाहिन्यांवर नुसतं 'दुधात विष' चालू होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीने सगळी केंद्रं बंद केली. केंद्रावरची माणसं म्हणाली, तुमच्या ताईच दूध विषारी म्हणतात, आम्ही कसं घ्यायचं? लोक कॅन घेऊन विजूच्या अंगणात आले. मी तिथेच होते. भाऊसाहेबांनी माणूस पाठवून बोलावून घेतलं होतं, ती एकटी नको म्हणून. अंगणात दूध ओतलं गेलं. पायरीपर्यंत पांढरा ओघळ आला. एक पोक्त बाई पुढे येऊन ओरडली, "ताई, तुमी आमचं भलं केलं का वाटोळं केलं, सांगा आदी!" विजूने दाराची चौकट घट्ट धरली होती. "आक्का, आमच्या घरचंबी दूध परत आलंय," ती म्हणाली. घरी बोलायची तीच भाषा तिच्या तोंडी आली. "ती पेंड आज बंद करा. आठ दिवसांनी तपासणीची गाडी तुमच्या दारात आणते. दूध चांगलं निघालं न्हाई तर मग मला शिव्या द्या."

ते आठ दिवस ती जेवली असेल असं मला वाटत नाही. मुंबईत या दारातून त्या दारात फिरून तिने तपासणीची गाडी मिळवली. केंद्रागणिक, वस्तीगणिक दूध तपासून घेतलं. ते चांगलं निघालं, दुसरे संकलक आले, हळूहळू कॅन पुन्हा हलू लागले. पेंड बाजारातून उचलली गेली, कंपनीचा परवाना काही काळ थांबला. नमुने आता खात्याची माणसं दुकानातून, न सांगता उचलतील असा हुकूम निघाला. गायींचे गाभ टिकू लागले. विजू जिंकली, असं म्हणता येईल.

पण मुदत संपल्यावर पक्षाने तिला पुन्हा पाठवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. आयुष्यात तिने न विचारलेला तेवढा एकच प्रश्न असावा. मालकाच्या मेहुण्याच्या नावाने नवी कंपनी उभी राहिली. पोत्यावरचं चित्र बदललं. विजू पदावर नसतानाही खात्याच्या कचेरीत जाऊन बसायची, या महिन्यात नमुने उचलले का म्हणून विचारायची. नवे साहेब तिला चहा द्यायचे आणि घड्याळाकडे बघायचे. "आता मला कुणी घाबरत नाही," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "मग बरंच की, तूही घाबरायचं सोड." ती कसंनुसं हसली. "मला आता जास्त भीती वाटते गं. तेव्हा निदान मी सभागृहात विचारत होते."

परवा, ती गेल्याला महिना उलटल्यावर, मी तिच्या घरी गेले. भाऊसाहेब गोठ्यात होते, पेंडीचं नवं पोतं उसवत होते. त्यांनी मूठभर गोळ्या काढल्या, तळहातावर चुरडल्या आणि नाकाशी धरल्या. आसपासच्या वस्त्यांवर आता सगळ्या बायका हे करतात, ते म्हणाले. विजूने घरोघर शिकवलं होतं. बुरशीचा वास नाही ना, हे बघितल्याशिवाय पोतं घमेल्यात रिकामं करायचं नाही. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. मग हात माझ्यापुढे केला.

"तुमी बघा बरं, डॉक्टर. मला काही उमगंना. ती असली की मान हलवायची, मी वतायचो."

मी वाकून वास घेतला. मळीचा गोडसर वास होता, त्याच्याखाली आणखी काहीतरी... ओल्या भिंतीसारखं. की ती माझी भीतीच होती? मी परत घेतला, तिसऱ्यांदा घेतला. गायी दाव्याला ओढ देत आमच्याकडे बघत होत्या.

"मलाही नाही कळत," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी हात झटकला, पोत्याचं तोंड पुन्हा सुतळीने बांधलं आणि ते भिंतीकडे सरकवून ठेवलं. त्या दिवशी गायींना त्यांनी नुसता कडबाच घातला.