लॉरेनने घरी नेलेली पूड

लॉरेन पिट्रॉस्की आमच्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं उंदरांच्या मेंदूंवर काम करत होती. मी तिथेच काचसामान धुवायचे. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा थेंब टाकल्यावर मेंदूच्या पेशीत काय घडतं, ते ती मोजायची. डोपामिन आत शिरत नाही. पेशीच्या अंगावरच्या, निरोप टिपणाऱ्या रिसेप्टरला नुसतं चिकटतं. मग आतल्या बाजूचं एक प्रथिन जागं होतं, ते दुसऱ्याला हलवतं, निरोप नेणारे रेणू भराभर तयार होतात आणि अख्खी पेशी कामाला लागते.

घरी तिचा थोरला भाऊ काझ खुर्चीत थिजून बसलेला असायचा. पोलाद कारखान्यातला दांडगा गडी, पार्किन्सनने पन्नाशीतच लाकूड झालेला. गोळ्याही आता लागू पडत नव्हत्या.

"डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेल्यात त्याच्या," ती मला म्हणाली. "पण ते ऐकणाऱ्या शाबूत आहेत गं. नुसत्या बसून आहेत."

त्या हिवाळ्यात एक नवी पूड आली, डोपामिनसारखीच रिसेप्टरला चिकटणारी. तिला नाव नव्हतं, नंबर होता. चौदा उंदरांना दिली, त्यातले अकरा जगले. एका शुक्रवारी पूड चिमूटभर कमी भरली. कुणी नेली ते मला कळलं आणि मी गप्प बसले.

पुढचं लॉरेननेच सांगितलं. तिने पुडीची बाटली काझसमोर ठेवली.

"उंदीर?" एक शब्द काढायला त्याला मिनिट लागायचं.

"तीन मेले."

"दे."

"आणि तू मेलास तर?"

"हे... जगणं... आहे?"

तिने पूड सफरचंदाच्या गरात कालवून भरवली. वीस मिनिटांनी काझ उठला. आपल्या पायांनी स्वयंपाकघरात गेला, राय ब्रेड कापायला लागला आणि म्हणाला, "सुरी इतकी बोथट ठेवतात होय? आई असती तर तुला घराबाहेर काढलं असतं."

लॉरेन उभ्या उभ्या रडत होती. एवढ्यात त्याला उलटी झाली, मग आणखी एक, आणि तो फरशीवर कोसळला.

हॉस्पिटलात तिने काही लपवलं नाही, पुडीचा नंबरसुद्धा सांगितला. त्यामुळेच काझ वाचला. तिची नोकरी मात्र सोमवारीच गेली. आता ती बेकरीत काम करते, आणि काझ पुन्हा त्याच खुर्चीत आहे.

मी रविवारी त्यांच्याकडे जाते. प्रयोगशाळेत मी अजून आहे आणि ती पूडही तिथेच आहे, हे त्याला ठाऊक आहे. तो माझ्याकडे टक लावून बघतो आणि त्याचे ओठ हलू लागतात. शब्द पुरा व्हायच्या आत मी कॉफी करायला उठते.