आज सगळ्या चुली पेटल्यात

बेंगळुरूत, कोरमंगलातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, भिंतींना राखाडी फोम लावलेल्या खोलीत बसून मी आठ गावांना विचारते, "चूल पेटली का?" आवाजात हसू ठेवायचं असतं. हे वाक्य मी दर पंधरा दिवसांनी एका बैठकीत सगळ्या सकाळींसाठी बोलून ठेवते. गावांची नावं वेगळी रेकॉर्ड केलेली असतात, उत्साहात एकदा, मायेनं एकदा, जरा चिडवून एकदा. कॉम्प्युटर त्यातलं एक उचलतो, माझ्या वाक्याला जोडतो, मागून एखादं लोकगीत सुरू करतो. रेडिओ ऐकणाऱ्याला वाटतं, बाई आपल्याच गावात बसून बोलतेय. त्या वेळी मी पीजीमध्ये बादली घेऊन न्हाणीघराच्या रांगेत उभी असते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, करारात तशी अट आहे. शिवाय या नोकरीबद्दल मी कृतज्ञ आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सीमाभागातल्या तालुक्याच्या गावाबाहेर, मळ्यातल्या वस्तीवर वाढलेल्या मुलीला मराठी आणि कानडी दोन्ही येतं, म्हणून बेंगळुरूत कुणी खुर्ची दिली, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट होती. अजूनही आहे. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवावं.

आमच्या गावात पूर्वीपासून एक छोटं रेडिओ केंद्र होतं. बाजारपेठेत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. सकाळी सहा ते सात तिथं एक बाई बोलायच्या. त्यांना सगळा तालुका अक्का म्हणायचा, म्हणून मीही अक्काच म्हणते. त्या जात्यावरच्या ओव्या लावायच्या, मग एखादं कानडी जानपद गीत, मग शाहिरांचं सवाल-जवाबाचं भेदिक, मग पुन्हा कानडी. दोन भाषांत भांडण असतं हे मला शाळेत गेल्यावर कळलं. अक्कांच्या तासात ती दोन्ही एका तव्यावरच्या भाकऱ्यांसारखी एकामागून एक यायची.

पण लोक रेडिओ लावायचे ते पहिल्या वाक्यासाठी. अक्का सुरुवातीलाच सांगायच्या, "आज सगळ्या चुली पेटल्यात." म्हणजे गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर काल कुणी गेलेलं नाही. ज्या घरात मयत झाली त्या घरात चूल पेटत नाही. आता सगळ्यांकडे गॅस आहे, पण शब्द चूलच राहिला. कुणी गेलं असेल तर अक्का नाव घ्यायच्या नाहीत. "आज कुंभार गल्लीत, मारुतीच्या देवळामागं, एक चूल पेटली नाही," एवढंच म्हणायच्या, आणि त्या दिवशी हलगीचं एकही गाणं लागायचं नाही. ऐकणाऱ्याला घर कळायचं. कुणी मातीला जायचं. आणि चार घरच्या बायका भाकरी आणि पिठलं बांधून निघायच्या. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. माती देऊन आलेल्या माणसांच्या पोटात पहिला घास शेजाऱ्याच्या हातचा जायला हवा, असा रिवाज.

आमची वस्ती गावापासून लांब. थोरल्या काकांचा रेडिओ गोठ्यात खुंटीला टांगलेला असायचा, कारण त्यांची म्हैस त्याशिवाय पान्हा सोडत नसे. ही थट्टा नाही. एकदा सेल संपले तेव्हा काका स्वतः ओव्या म्हणायला बसले. म्हशीनं लाथ मारून बादली उलटवली.

"बघ की," काकू म्हणाल्या, "तिला सुद्धा कळतंय."

याच काकांनी मला सायकलवर बसवून हायस्कूलला सोडलं, आणि मी बी.ए. झाले तेव्हा मला न सांगता अक्कांना पोस्टकार्ड टाकलं. दुसऱ्या आठवड्यात गोठ्यातून माझं नाव ऐकू आलं. "मळ्याकडची पोरगी पदवी घेऊन आली. आज सगळ्या चुली पेटल्यात, आणि एक जरा जास्तच पेटलीय." काका धार तशीच सोडून उभे राहिले. असा गौरव मला नंतर कुठल्याही स्टेजवर मिळाला नाही.

मी बेंगळुरूला नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी कंपनीनं छोट्या गावांची आठ केंद्रं विकत घेतली. त्यात आमचं होतं. ठरलं असं की सगळ्यांचं नाव एक, चित्र एक, गाणी एका ठिकाणहून, आणि बोलणं बेंगळुरूहून. चित्रात गॉगल घातलेला कोंबडा होता. आमचे सर पुण्याचे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. ऑफिसात सगळे त्यांना नावानं हाक मारतात. मला अजून जमत नाही.

सर म्हणाले, "ऐक ना, तू तिकडची आहेस. मला तिकडचे शब्द दे. एकदम अस्सल. मातीतले."

मी त्या रविवारी यादी केली. मन लावून केली, शाळेत गृहपाठ करायचे तशी. त्यात अक्कांचं वाक्य होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांचं बोट तिथंच थांबलं.

"‘सगळ्या चुली पेटल्यात.’ वाह! म्हणजे काय, गुड मॉर्निंग टाइप?"

टेबलाभोवती बारा माणसं होती, मधोमध पिझ्झाचे डबे. सगळे माझ्याकडे बघत होते, कौतुकानं. मला मयत, कडू घास, हलगी हे सगळं तिथं कसं मांडावं ते सुचेना. आणि खरं सांगायचं तर मला ते कौतुक आणखी थोडा वेळ हवं होतं.

मी म्हणाले, "हो. तसंच काहीसं."

एवढंच. सरांनी लगेच त्या वाक्याचा ऐकणाऱ्यांना विचारायचा प्रश्न करून टाकला. मी म्हटलं, आमच्याकडे "चूल पेटली काय?" असं म्हणतील. ‘जेवलीस काय’, ‘आलास काय’, तसं.

"नको, ‘काय’ नको. ‘का’ कर. ‘काय’ फार रूरल वाटतं."

गावाकडच्या गाण्यांचं केंद्र, गॉगल घातलेला कोंबडा, आणि ‘काय’ रूरल वाटतं. मी वहीत ‘का’ लिहून घेतलं.

मग अक्कांच्या तासाचा प्रश्न आला. एक गाव वेगळं बोलून चालणार नव्हतं. दोन भाषाही चालणार नव्हत्या, एका केंद्राची एकच भाषा. हे त्यांना सांगायला मलाच पाठवलं. "तुझ्याशी कनेक्ट आहे ना त्यांचा," सर म्हणाले.

अक्का माडीवर होत्या. समोर पोस्टकार्डांचा गठ्ठा, त्यावर वजन म्हणून अडकित्ता. मला बघून म्हणाल्या, "आलीस काय? बेंगळूरनं वाळवली की गं तुला. अन्न घालतेत न्हवं?"

मी सांगितलं. हब, नेटवर्क, सगळं मराठीत करून सांगितलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग विचारलं, "बरं. गाणी तू लाव. बोल पण तूच. मयत कोण सांगणार?"

"अक्का, आता व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत प्रत्येक गल्लीचे."

"ग्रुपवर हात जोडतेत पोरी. भाकरी थापत न्हाईत."

त्यांनी अडकित्ता उचलून पोस्टकार्डांचा गठ्ठा सारखा केला.

"तासभर नको मला. पाच मिनिटं दे. सहाला येते, तेवढं एक वाक्य बोलते, जाते. पगार पण नको."

मी म्हटलं, विचारते. आणि विचारलंही. बेंगळुरूला येऊन सरांना मेल लिहिला, तीनदा दुरुस्त करून. उत्तर आलं की कल्पना गोड आहे, पण मृत्यू ब्रँडच्या टोनमध्ये बसत नाही. त्या उत्तराखाली दुसरा मेल लिहायला हवा होता. ते वाक्य मृत्यूबद्दलच आहे आणि तुम्ही त्याचीच जाहिरात केली आहे, हे लिहायला हवं होतं. पण मग मीटिंगमध्ये मी खोटं बोलले होते हेही लिहावं लागलं असतं. मी मेल अर्धा लिहिला आणि ठेवून दिला. तो अजून ड्राफ्टमध्ये आहे.

अक्कांना मी फोनही केला नाही. त्या समजल्या असाव्यात.

पुढे सगळं फार छान झालं. आठ गावांपेक्षा बेंगळुरूतच आमचं जास्त चाललं, मोबाइलवर. सर्जापूर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत मराठी मंडळाचा खाद्यमेळावा होता, तिथं कोंबड्याचा पुतळा उभा केला आणि "चूल पेटली का?" छापलेले एप्रन वाटले. एक नागपूरच्या बाई मला मिठी मारून म्हणाल्या, "तुमचा आवाज ऐकला ना, की एकदम गावाकडे गेल्यासारखं वाटतं हो." त्यांच्या मागं इंडक्शनवर झुणका शिजत होता. त्या मनापासून बोलत होत्या. मीही मनापासून हसले. परतताना रिक्षावाल्यानं अर्ध्या वाटेत "स्वल्प इरी", जरा थांबा, म्हणत गॅस भरायला रांग लावली, आणि मला तिथं बसल्या बसल्या कारण नसताना रडू आलं.

थोरले काका गेल्या वर्षी गेले. संध्याकाळी, गोठ्यातच. फोन आला तशी मी मिळेल ती बस धरली. मी येईपर्यंत थांबायचं घरच्यांनी ठरवलं होतं. वस्तीवर पोचले तेव्हा उजाडलं होतं. अंगणात काका, उशाशी काकू, भोवती घरचीच माणसं. मी काकूंजवळ बसले. त्यांनी माझा हात धरला.

माणूस गेलं तरी म्हशीची धार काढावीच लागते. वहिनी बादली घेऊन गोठ्यात गेली आणि रोजच्या सवयीनं तिनं खुंटीवरच्या रेडिओची कळ फिरवली.

आधी कोंबडा आरवला. मग हलगी. मग मी. गावाचं नाव घेऊन, चिडवल्याच्या सुरात, हसत हसत, "काय मंडळी, चूल पेटली का?"

अंगणातलं रडणं थांबलं. वहिनीनं घाईघाईनं कळ उलटी फिरवली तर आवाज आणखी वाढला. मग तिनं रेडिओच खुंटीवरून ओढून कडब्यात टाकला. काकूंचा हात माझ्या हातातच होता. त्यांनी तो काढून घेतला नाही. काढून घेतला असता तर बरं झालं असतं.

मातीला माणसं थोडी होती. गावातल्या बऱ्याच जणांना दुपारी कळलं. मोबाइलवर हात जोडलेली चित्रं येत होती, फुलांची, दिव्यांची. चुलतभाऊ एकेकाला परत हात जोडत बसला होता. अंघोळी झाल्या. घरात चूल पेटवायची नव्हती आणि बाहेरून काही आलं नव्हतं. शेजारच्या मळ्यातली एक बाई चहाची किटली देऊन गेली. धाकटी मुलं बिस्किटं खाऊन झोपली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दिवस असाच चार वाजेपर्यंत गेला.

चार वाजता बांधावरून अक्का येताना दिसल्या. डोक्यावर भाकऱ्यांची बुट्टी, चालत आलेल्या, धापा टाकत.

"उशीर झाला गं बाई," त्या काकूंना म्हणाल्या. "सकाळी डेरीवर तुमचं दूध आलं न्हाई तवाच मनात पाल चुकचुकली. इचारत इचारत कळलं. तोवर भाकऱ्या थापायला दुपार झाली."

तेव्हा समजलं की अक्का रोज सकाळी सहाला दूध डेअरीच्या पायरीवर बसतात. दूध घालायला येणाऱ्यांना विचारतात, आणि जाणाऱ्यांना सांगतात, कुठली चूल पेटली नाही ते. डेअरीवर येतात तेवढ्यांपर्यंत पोचतं. पूर्वी तालुक्यापर्यंत पोचायचं.

त्यांनी काकूंना भरवलं. मग सगळ्यांना वाढलं. शेवटी माझ्यापुढे आल्या. मी मान खाली घातली. त्या मला बोलतील, आणि बोलावं, असं मला वाटत होतं.

"आवाज बरा येतोय तुझा," अक्का म्हणाल्या. "पण ‘काय’ म्हण की गं. ‘का’ म्हणतीस ते पावणी बाई आल्यागत वाटतंय." आणि पिठलं लावलेल्या भाकरीचा घास माझ्या तोंडाशी धरला. "घे. खा."

त्यांना वाटलं होतं की हे शब्द मी त्यांच्या आठवणीखातर ठेवलेत. तसं त्यांनी पुढं बोलूनही दाखवलं, काकूंना. "माझा एक शब्द तरी ठेवला की पोरीनं," म्हणाल्या. मी भाकरी चावत राहिले. त्यांनीच पाण्याचा तांब्या पुढं केला.

बेंगळुरूला परत आल्यावर पहिल्या रेकॉर्डिंगला मी "चूल पेटली काय?" म्हटलं. मुद्दाम. काचेपलीकडून सरांनी हात वर केला. त्यांना काकांचं माहीत होतं, चेहरा मऊ होता.

"अगं, ‘का’चं ‘काय’ झालं. बाकी सुपर. आणखी एकदा? बरं वाटतंय ना तुला? उद्या केलं तरी चालेल."

मी म्हटलं, "नको सर, आजच करू." पाणी प्यायले, खुर्ची पुढं ओढली. ते वाक्यच काढून टाका, असं म्हणायचं वाटेतच ठरवलं होतं. त्याऐवजी आवाजात हसू आणलं आणि ‘का’ म्हटलं. आठही गावांसाठी, पुढच्या पंधरा सकाळींसाठी. त्यानंतर एकही टेक वाया गेला नाही.