कमी खाणारा प्रोसेसर

शेगावात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाच वर्षं जातोय, नाव कधी विचारलं नाही. चालू मशीनच्या अंगावर तो हाताची पालथी बाजू ठेवतो, लेकराचा ताप पाहावा तशी.

जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यात घरच्या घरी स्टोरेज सर्व्हर बांधायचा म्हणून मी त्याच्याकडे सगळ्यात ताकदवान प्रोसेसर मागितला.

"काऊन भाऊ? सिनेमे बनवून राह्यले का?"

"फाइली ठेवायच्या आहेत."

"कोनाच्या?"

कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. आई वडनेरहून मोबाइलवर बोलून निरोप पाठवायची. कामात आहे असं स्वतःला सांगत मी एकही ऐकला नाही. ती गेल्यावर तर धीरच होईना. आता ते निरोप असलेला माझा फोन मधूनमधून बंद पडतोय. तो गेला की तिचा आवाजही जाईल.

"मंग एवढा मोठा काय कराचा? हा दहा वॅटवाला घ्या. याले पंखा नाही लागत. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर दिवसभर जागा राहीन."

मी सोबत नेलेल्या डब्यात त्यानं तिथंच सगळं जोडलं, निरोप त्यात उतरवले आणि चालतात का पाहायला पहिला लावला.

"बाबू, जेवला का रे..."

त्यानं लगेच थांबवलं. हेडफोन माझ्या हातात दिला, शटर अर्धं ओढलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. एक गिऱ्हाईक आलं.

"बसा भाऊ," तो त्याला म्हणाला, "आत मायलेक बोलून राह्यले."