यांचा टाय परत द्या

आणि आता वर तुम्ही यांच्याच नावाने कॅसिनोत निघालात?

आज यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी खीर-वडे केले, फोटोला हार घातला आणि फोन उघडला.

आपल्या जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर यांचा फोटो. कोट, टाय, हातात चिप्स.
खाली लिहिलंय, 'सुभाषदादा, ब्लॅकजॅकचा किंग. शनिवारी दादाच्या टेबलावर, दादासाठी.'

लाइकवर लाइक.

पुढच्या फोटोत प्रमोदभावजी. माझे सख्खे दीर. गळ्यात यांचा टाय.

तो टाय मीच दिलाय, गेल्या रविवारी. भावजी जेवायला आले होते, जाताना म्हणाले, "वहिनी, दादाचा एखादा टाय द्याल? आठवण म्हणून."
मी इस्त्री करून दिला. मला वाटलं, भावाला भावाची आठवण येतेय.

मी सातवी शिकलेली बाई. हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुते. लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका. वाचा.

दिवाळीला आमच्या घरी मेंढीकोट व्हायचा, आठवतंय ना? यांना गेलेला प्रत्येक पत्ता पाठ. शेवटी समोरच्याला सांगायचे, "तुझ्याकडे बदाम दश्शी राहिलीय, टाक निमूट."
आणि ती असायचीच.
तुम्ही टाळ्या वाजवायचात.

तुमच्यातलाच कोणीतरी म्हणाला, दादा, तुम्ही ब्लॅकजॅक खेळायला हवं, तिथे पत्ते लक्षात ठेवणाराच जिंकतो.

झालं.

हायडेलबर्गचा कौस्तुभ गणितात पीएचडी करतो. त्याने तेव्हाच सांगितलं होतं. गेलेले पत्ते बाहेर राहत असतील तरच लक्षात ठेवून उपयोग, तिथेही सुटतं ते थोडंसंच, आणि असा माणूस ओळखू आला की कॅसिनोवाले त्याला दार दाखवतात. बाकीच्यांनी कितीही डोकं चालवलं तरी खेळत राहिलं की शेवटी कॅसिनोच पुढे.

तुम्ही त्याला हसलात. म्हणालात, तू तुझी पुस्तकं वाच.

कौस्तुभ, आज तूही हार्ट टाकलंस? तुला तर माहीत होतं ना रे?

एकदा लग्नाच्या वाढदिवसाला यांनी मला तिथे नेलं. मी आपली साडी नेसून मागे उभी. टेबलावरची मुलगी डाव झाला की पत्ते गोळा करायची आणि लगेच मशिनीत टाकायची. मशीन आतल्या आत पिसत राहतं, पुढचे पत्ते त्यातूनच येतात.
मेंढीकोटात झालेला हात आपण पालथा बाजूला ठेवतो, तसं तिथे काही नाहीच.

येताना ट्रेनमध्ये विचारलं, "अहो, गेलेला पत्ता ती परत आत टाकते. मग तुम्ही लक्षात काय ठेवता?"

यांनी हातातलं तिकीट खिशात घातलं. मग म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. तिथे माझ्या डोक्याचा काही उपयोग नाही."

"मग जाता कशाला?"

"खुर्ची ओढून देतात गं. हेअर म्हणतात, साहेब म्हटल्यासारखं. कारखान्यात लाइनवर दिवसभर मी म्हणजे नुसते दोन हात."

"आणि ग्रुपवर सांगता ते?"

"जिंकलो त्या दिवसाचं सांगतो. बाकीचं कोणाला ऐकायचंय?"

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याचं नाव राहू दे म्हणून गप्प होते. आज बोलतेय, कारण यांच्या त्या चार चांगल्या दिवसांची तुम्ही पोथी केलीत आणि भावजींच्या हातात दिलीत.

सिस्टीम नव्हती.
भावजी, ऐकताय ना? तुमच्या दादाकडे जिंकायची काही सिस्टीम नव्हती.

यांच्या छातीत दुखायचं. हार्टच्या डॉक्टरची टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, महिनोन्‌महिने थांबून मिळाली होती. त्या दिवशी मी कामावर असताना दवाखान्यातून फोन आला, तुमचे मिस्टर आलेच नाहीत.
हे टेबलावर होते. आदल्या खेपेला गेलेलं भरून काढायला.

घरी आल्यावर मला म्हणतात, "बरं, दुसरी टेर्मिन घेऊ. एवढं काय त्यात."

घेतली दुसरी. ती तारीख यायच्या आधी हे गेले. ती चिठ्ठी अजून माझ्या फ्रिजवर आहे.

भावजी, तुम्हालाही तेच बीपी. तीच गोळी. काल जाऊबाई आली होती. विचारत होती, तुम्हाला हल्ली दर शनिवारी ओव्हरटाइम कसा लागतो. मी काय सांगू तिला? मला तेव्हा माहीतच नव्हतं. आज फोटो बघितल्यावर कळलं.

माझ्या घरातला एक माणूस गेला. दुसरा मी जाऊ देणार नाही. तुम्हाला राग येऊ दे, ग्रुपमधून काढून टाका मला, चालेल.

इथे श्पेरे म्हणून असते. एकदा नाव घातलं की देशातल्या कुठल्याच कॅसिनोत आत सोडत नाहीत. माणूस स्वतः सही करू शकतो, नाहीतर घरचे अर्ज करू शकतात. तुम्ही सही केलीत तर मी तुमच्यासोबत येईन. नाही केलीत तर जाऊबाईला घेऊन मी अर्ज करीन. माझं जर्मन मोडकं आहे, पण तेवढं सांगता येईल मला.

आणि बाकीच्यांनो, यांची आठवण काढायचीच असेल तर माझ्या घरी या. पत्त्यांचा कॅट कपाटात आहे. मेंढीकोट मांडू. खीरही उरलीय.

अहो, तुम्ही हुशार होतात. मला कॅसिनोतला तो हेअर नाही आठवत. दश्शी ओळखून गालात हसणारे तुम्ही आठवता.
आता शांत पडा. इथलं मी बघते.

भावजी, शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत टाय घेऊन माझ्याकडे या. टाय आला की मी समजेन, शनिवारी तुम्ही जात नाही. नाही आलात तर शनिवारी मी त्या कॅसिनोच्या दारात उभी असेन, त्या लग्नाच्या वाढदिवसाचीच साडी नेसून.

येताय की नाही? शुक्रवारपर्यंत उत्तर हवं.