पंचेचाळीस ग्रॅम

काटेवाले एका जागी बसत नाहीत, हे त्यांच्या बायकोचं लग्नापासूनचं गाऱ्हाणं. जेवता जेवता उठून ते कपाटाचं वाकडं दार सारखं करतील, पाहुणे बोलत असताना भिंतीवरचं घड्याळ सरळ करतील. "पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलेत," ती म्हणते. फक्त दुकानात, पितळी वजनं समोर आली, की हे गृहस्थ शांत. वजन ते फडक्यात धरूनच उचलतात. बोटांचा घामसुद्धा वजनात येतो म्हणून. काटेदुरुस्तीचा हा धंदा त्यांना वडिलांकडून मिळाला आणि सोबत एक नियम: काट्याला हात लावण्याआधी तो काय दाखवतो ते लिहून घ्यायचं.

परवा तो नियम त्यांच्याकडून मोडला.

किनाऱ्यावर पेंग्विनांची वसाहत आहे. संध्याकाळी समुद्रातून परतणारे पक्षी कुंपणातल्या एकाच फटीतून आत शिरतात. त्या फटीत जमिनीलगत काट्याचा पत्रा बसवलाय. पक्षी त्यावरून डुलत जातो आणि त्याचं वजन नोंदलं जातं. समुद्र तापू लागल्यापासून मासे खोल गेलेत. पक्षी लांबवर जाऊन अर्ध्या पोटी परततात. आठवड्याची सरासरी एक किलोच्या खाली गेली, की पिल्लं मोठी होईपर्यंत खाडीत मासेमारी बंद, असं ठरलेलं आहे. या आठवड्याची सरासरी होती एक किलो अठरा ग्रॅम.

"आकडा ठीक आहे, पण पक्षी हातात घेतला की छातीचं हाड बोटांना लागतं," पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बाई फोनवर म्हणाल्या. "एकदा काटा बघून जा."

निघताना मेहुण्याने दारातच गाठलं. त्याची होडी त्याच खाडीत. "दाजी, काटा बरोबर आहे, एवढंच लिहा. ताईच्या तोंडाकडे बघा जरा."

"मी काट्याकडे बघणार," ते म्हणाले खरे. पण वाटभर किल्ल्या या खिशातून त्या खिशात घालत गेले.

पत्र्यावर शिटेचा जाड थर होता, महिन्याभराचा, वाळून दगड झालेला. घाण काटा त्यांना बघवत नाही आणि हाताला काही तरी चाळा हवाच होता. पटाशीने खरवडायला घेतलं. पत्रा निम्मा चकचकीत झाला तेव्हा ते थबकले. आधीचा आकडा लिहिलाच नव्हता.

उरलेला थर काढून त्यांनी कपचीन् कपची रुमालात गोळा केली. मग किलोचं वजन ठेवलं. काट्याने बरोबर किलो दाखवला. म्हणजे 'काटा बरोबर आहे' हे वाक्य आता खरं होतं.

"दुपारी लिहून पाठवतो," एवढंच बाईंना सांगून ते दुकानात आले. रुमालातला ऐवज छोट्या काट्यावर ओतला आणि टेबलाभोवती फेऱ्या मारत राहिले. मेहुणा आला तेव्हाही चालतच होते.

"काय लिहिलंत?"

"बस."

"तुम्ही फिरताय, मी काय बसू?"

"मग वाच."

मेहुणा काट्यावर वाकला. "पंचेचाळीस ग्रॅम. कसली माती ही?"

"पेंग्विनची शीट. पत्र्यावर होती. प्रत्येक पक्षी एवढा जास्त भरत होता."

मेहुण्याने मनात हिशेब केला. मग खो खो हसला. "म्हणजे पक्षीच काटा मारत होते की! आणि बुडणार मी?" हसू ओसरलं. "कोणाला माहितेय हे?"

"तुला नि मला."

"मग झालं तर."

काटेवाल्यांचा हात दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेला. ते सरळच होतं.

मेहुण्याने एक कपची उचलली आणि परत काट्यावर ठेवली. "जाळ्यात तरी काय येतंय यंदा," तो म्हणाला. "बोटभर मासे. पण ताईला तुम्ही सांगायचं. मी नाही."

काटेवाले स्टुलावर बसले. 'साफ करण्याआधीचा आकडा घेतला नाही, ही माझी चूक. खरवडलेला थर पंचेचाळीस ग्रॅम, सोबत पाठवत आहे. तो वजा करता सरासरी नऊशे त्र्याहत्तर.' खाली सही केली, पुडी बांधली.

"होडी वर ओढायला किती माणसं लागतात?"

"चार."

"तिघं बघ," म्हणेपर्यंत ते उठलेही होते.