तक्रार वर गेली आहे

सरकारी दवाखान्यात गोळ्या संपतात, किस्से संपत नाहीत. रोज एखादा जमा होतोच. घरी जेवताना सांगितला की बायको पोट धरून हसायची. हल्ली हसत नाही. मी वाशिम जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात बाबू आहे. गावाचं नाव सांगत नाही, अजून दोन वर्षं नोकरी करायची आहे!

*

वरून आदेश आला, कारभार सुधारा, तक्रार पेटी लावा. पेटी आली, हार घातला, नारळ फुटला. आमच्या डॉक्टरसाहेबांनी भाषण ठोकलं, "लोकांनी मोकळ्या मनानं तक्रार करावी!"

मग आत येऊन हळूच म्हणाले, "बाबू, पेटी जरा उंच लाव."

मी स्टुलावर चढून लावली. इतकी उंच, की मलाही टाचा उचलाव्या लागायच्या.

*

तरी महिनाभरात चिठ्ठ्या पडल्याच. लोक एकमेकांना उचलून टाकत होते म्हणे. साहेबांचा चेहरा उतरला. पेटी उघडली, मी एकेक वाचू लागलो. "गुडघे दुखते." "खोकला जात नाही." "तीन दिसापासून हगवन हाय."

झालं असं, की साहेब प्रत्येक पेशंटला विचारतात, "काय तक्रार आहे?" लोकांना वाटलं, आता ती कागदावर लिहून पेटीत टाकायची नवी पद्धत आली! एक म्हातारा तर पेटीखाली ठाण मांडून बसला होता. "बाबूजी, गोयी खालून निंगते का?"

साहेब खूश. "या तक्रारी नाहीत, हे आजार आहेत. अहवालात लिही, निरंक."

निरंक म्हणजे काहीच नाही. सरकारी कागदावरचा सगळ्यात सुखाचा शब्द. त्या म्हाताऱ्याला गोळी मिळाली की नाही, हे मी विचारलं नाही.

*

मग किल्ली हरवली. आमचा शिपाई नामदेव म्हणाला, "पेटीची किल्ली साहेबाच्या गाडीच्या गुच्छ्यात व्हती. अन् गाडी तं साहेबानं अकोल्याले इकली!"

कुलूप तोडायचं तर परवानगी हवी. मी जिल्ह्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "प्रलंबित तक्रारींची संख्या कळवावी."

पेटी बंद, संख्या कुठून आणू? साहेबांनी मागचा अहवाल पाहिला आणि कळवायला लावलं, निरंक.

परत उत्तर आलं, "तक्रारी निरंक असल्याने कुलूप तोडण्याची आवश्यकता दिसत नाही."

नामदेव आठवडाभर हसत होता. मीही हसलो, लाज वाटायला हवी होती.

*

गयाबाई लोकांच्या शेतात निंदायला जाणारी विधवा बाई. एका सोमवारी आली, साहेबांनी नेहमीचं विचारलं, "काय तक्रार आहे?" तिनं साहेबांकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, म्हणाली, "काही नाही," आणि बाहेर पडली.

पुढच्या सोमवारी नातीकडून लिहून घेतलेली चिठ्ठी घेऊन आली. चार घड्या घातलेली. "बाबू, माहा हात पुरत नाही. तूच टाक."

किल्ली नाही हे मला माहीत होतं. तरी टाकली, कारण माझ्या टेबलापुढे माणसं खोळंबली होती.

त्यानंतर दर सोमवारी बाई हजर. "बाबू, माही तक्रार पाह्यली का कोनं?"

"वर गेली आहे, मावशी."

"वर म्हंजे?"

"वाशिमला. मोठ्या साहेबाकडे."

"येवढ्या दूर? मंग येळ लागनच." आणि पदरातून मूठभर तुरीच्या शेंगा माझ्या टेबलावर ठेवायची. मी त्या खायचो. उन्हाळा लागला, शेंगा संपल्या, तरी ती येतच राहिली.

मग एका सोमवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

*

दिवाळीनंतर तपासणीला पथक येणार असं कळलं. नामदेवनं दगड घेतला आणि दोन मिनिटांत कुलूप फोडलं. परवानगी कोणाच्या आठवणीतही नव्हती! आत गुडघे होते, कंबर होती, आणि ती चार घड्यांची चिठ्ठी होती.

"डॉक्टर मानूस हाय, सांगाची लाज वाटते. मले छातीले गाठ हाय. बाई डॉक्टर कवा येते ते सांगा. गयाबाई."

साहेबांनी ती दोनदा वाचली. मग चिठ्ठी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पथकाच्या आधी निकाली काढ. समाधानाच्या फॉर्मवर सही आण."

मी मोटारसायकल काढली. तिचा मुलगा अंगणात सोयाबीन वाळत घालत होता.

"माय तं गेली बाबूजी. पोयाच्या आंधीच." पोळा होऊन दोन महिने उलटले होते.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात, पण माझ्या घोड्याला सही हवी होती. मी फॉर्म काढला आणि चिठ्ठीही दाखवली. त्यानं ती उभ्यानंच वाचली, पुन्हा चार घड्या घातल्या. मला पाणी दिलं. हात पुसून पेन घेतलं.

"कुठी करू सही?"

'समाधान झाले' च्या पुढे मी बोट ठेवलं. त्यानं सही केली. फॉर्म माझ्या हातात दिला, आणि रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं,

"बाबूजी, माय तं सांगे का तक्रार वर गेली म्हून. मंग खाली कवा आली?"